ताईच्या सासऱ्यांची बाटली

ताईच्या सासऱ्यांच्या हाती पडलेली वस्तू कधी नासत नाही, आणि कधी कुणाच्या तोंडीही लागत नाही. साताऱ्यात निवृत्त फौजी गल्लोगल्ली भेटतात. कुणी गुलाब जपतो, कुणी मिशा जपतो, कुणी भावकीतलं जुनं भांडण जपतो. पण हाती येईल ते सरसकट जपत सुटलेला माणूस मी हा एकच पाहिला. ताई त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणते. मामांची सगळी नोकरी फौजेत राशनच्या कोठारावर गेली. तिथला नियम ते आजही न विचारता सांगतात, की जो माल आधी आला तो आधी वाटायचा. घरात मात्र त्यांनी तो नियम बरोबर उलटा करून ठेवलाय. आधी आलेलं सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नाहीच. ताईच्या लग्नात आहेरात आलेला चंदनाचा साबण त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत अजून कागदासकट पडून आहे. आंब्याच्या दिवसांत ते पेटीतला एक देखणा आंबा निवडतात, गवतात ठेवतात आणि झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसा रोज हलक्या हाताने वळवतात. तो असा काही पिकतो की खायचा कुणाला धीर होत नाही. मग एके दिवशी आत्या, म्हणजे त्यांच्या मंडळी, विळी पुढे ओढतात आणि म्हणतात, "आणा हिकडं. का आता त्याचं लगीन लावून देताय?"

मी त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत राहते आणि इथल्या एका कारखान्यात हिशेब खात्यात नोकरी करते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. आहे, आणि ते सांगताना मला संकोच वाटत नाही. ज्यांच्या घरात आधीच चार पदवीधर आहेत त्यांनी खुशाल संकोच करावा. मामांना माझ्या पदवीचं माझ्याहून जास्त कौतुक. त्यांच्या लेखी शिकलेलं माणूस म्हणजे सगळंच शिकलेलं. शेंगांना कीड का लागली, जावयाचा गुडघा का दुखतो, चंद्राला खळं पडलं की काय होतं, हे सगळं ते मला विचारतात. मी म्हटलं, "मामा, हे बी.कॉम.ला नसतं," की ते जरा खट्टू होतात. "मंग तीन वर्सं काय शिकिवलं तुमास्नी?"

तर अशा माणसाच्या हाती माझ्या भाचीने एक बाटली दिली, तिची ही हकिकत आहे.

भाची म्हणजे ताईची एकुलती एक लेक. ताई आणि दाजी पुण्यात असतात, पण ही पोर जर्मनीला शिकायला जायच्या आधीचे काही महिने साताऱ्यात आजी-आजोबांजवळ येऊन राहिली होती. सकाळी कानाला यंत्र लावून जर्मन बोलायची आणि दुपारी स्वयंपाकघरात कोंबुचा करायची. कोंबुचा म्हणजे, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, गोड काळा चहा गार करून काचेच्या बरणीत घालायचा, त्यात जुन्या कोंबुचातली सायीसारखी जाडजूड चकती सोडायची, तोंडाला फडकं बांधायचं आणि बरणी सावलीत ठेवून द्यायची. आठवडा-दीड आठवड्यात तो चहा आंबूस आणि फसफसता होतो. दह्याला जसं विरजण, तशी ह्याला ती चकती. आत्यांना हा प्रकार बिलकूल पसंत नव्हता. "चांगला च्या आंबवायचा, आन वर त्येला पोटाचं औषध म्हणायचं," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. मामा मात्र पहिल्या दिवसापासून त्या बरणीवर फिदा. आपोआप वाढणारी आणि वर्षानुवर्षं टिकवता येणारी वस्तू घरात आली, ह्याहून मोठं सुख त्यांना कुठलं असणार?

भरून ठेवायला बाटल्याही त्यांनीच काढून दिल्या. मामा स्वतः थेंबाला शिवत नाहीत. त्यांच्या वाटची कॅन्टीनची रम ओळखीतली मंडळी नेतात, पण बाटली धुऊन परत आणायच्या अटीवर. त्या जाड काचेच्या, घट्ट झाकणाच्या बाटल्यांची पलटणच माळ्यावर उभी होती. भाची हरखून गेली. तांबूस, तपकिरी कोंबुचा भरलेल्या त्या बाटल्या ओट्यावर ओळीने उभ्या राहिल्या, की दूधवालासुद्धा आत डोकावून मामांकडे नव्या आदराने बघायचा.

जायच्या आदल्या दिवशी तिने शेवटची एक बाटली भरली. एका हाताने पासपोर्ट शोधत, दुसऱ्या हाताने बाटली आजोबांकडे देत ती म्हणाली, "आजोबा, ही माझी. पुढच्या दिवाळीला आले की दोघं मिळून पिऊ. तोवर टिकवा हं." ती हसत म्हणाली, आणि पासपोर्ट सापडल्याबरोबर विसरलीही असेल. पण मामांना टिकवायला सांगणं म्हणजे पाण्याला उताराची वाट दाखवणं. त्यांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. नात परत येईल तेव्हा ही तिच्या हाती ताजी द्यायची, एवढं एकच काम त्यांच्या आयुष्यात उरलं असावं अशा तऱ्हेने ते त्या दिवसापासून वागू लागले.

बाटलीची जागा ठरली. फ्रीजच्या मधल्या फळीवर, मागच्या अंगाला. दारातल्या कप्प्यात नाही, कारण दार उघडलं की तिथे ऊब लागते. लोणच्याशेजारी नाही, भाजीखाली नाही. बाटली आडवी करायची नाही, हलवायची नाही, आणि झाकण तर उघडायचंच नाही, एकदा फुस्स झालं की आतला जीव गेला. फ्रीजचं दार आपटलं तर मामा बाहेरच्या खोलीतून खाकरत. दुपारी आत्यांचा डोळा लागला की ते हळूच बाटली काढत आणि खिडकीशी उजेडात धरत. पश्चिमेचं ऊन त्या चहातून आरपार जाई, भिंतीवर मधाच्या रंगाचा एक डाग हलू लागे, आणि बाटलीच्या तळाशी बारीक तपकिरी धागे ढगांसारखे तरंगत. मामा त्या ढगांकडे बघत बसत. एकदा मी जिन्यावरून ते पाहिलं. किल्ल्याच्या डोंगरावरून वारा येत होता, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि हा सहा फुटी माणूस खिडकीत बाटली धरून उभ्याउभ्या पेंगत होता. बाटली मात्र हातात ताठ.

शुक्रवारी तिची बदली व्हायची. आत्या संतोषीमातेचे शुक्रवार करतात, त्या दिवशी खाणं सोडाच, पण घरात आंबट वस्तू नुसती डोळ्यांसमोर आलेलीही त्यांना चालत नाही. तेव्हा गुरुवारी दिवेलागणीच्या आधी मामा जिना चढून माझ्याकडे येत, एका खेपेला ती बाटली आणि दुसऱ्या खेपेला, नात गेल्यापासून ते स्वतःच चालवत असलेली कोंबुचाची बरणी. देव्हाऱ्यातले टाक न्यावेत तसं ते बाटली माझ्या छोट्या फ्रीजमध्ये बसवत, मग माझ्या खुर्चीत टेकत आणि म्हणत, "तुजा फ्रीज जरा घुरतोय. झोपमोड हुईल तिची." शनिवारी सकाळी मी दात घासत असतानाच दारात हजर.

ते सगळं नीटच करत होते असं मुळीच नाही. हिवाळ्यात त्यांनी नवा कोंबुचा काठोकाठ भरला आणि दोन बाटल्या माळ्यावर पत्र्याखाली विसरले. ऊन तापलं तशी एके दुपारी त्यातली एक फुटली. आवाज असा झाला की ओसरीवर पान लावत बसलेले शेजारचे निवृत्त सुभेदार आणि मामा, दोघेही कोण काही सांगायच्या आत जमिनीवर पालथे. वरून चहा ठिबकतोय आणि खाली दोन म्हातारे डोक्यावर हात धरून पडलेत. आत्या केरसुणी घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "उठा. च्या फुटलाय." तेव्हापासून मामा बाटलीच्या मानेपाशी बोटभर जागा सोडू लागले आणि सुभेदारांनी पान लावायची जागा बदलली.

मी तोंडावर बोलणारी आहे. गोड बोलून वेळ मारून नेणं मला जमत नाही. फाल्गुनात मी त्यांना सरळ सांगितलं, "मामा, फ्रीजमध्ये ठेवलं तरी ते आंबतच राहतं. वेग कमी होतो, थांबत नाही. दिवाळीपर्यंत त्याचा व्हिनेगर होईल. आत्ताच पिऊन टाका, तिला नवा करून देऊ."

"गारव्यात त्येला झोप लागती, असं तूच म्हणालीस न्हवं?"

"म्हणाले."

"मंग झालं. झोपल्यालं माणूस म्हातारं हुत न्हाई."

"होतं, मामा."

त्यांनी फ्रीजचं दार नीट लागलंय ना ते दाबून पाहिलं. मग म्हणाले, "हळू हुत आसंल."



मे महिन्यात आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. वायरमन म्हणाला, दोन दिवस तरी लागतील. खालचा फ्रीज गप्प, वरचा गप्प. मी म्हटलं, नाक्यावरच्या कोल्ड्रिंकवाल्याकडे ठेवू. मामांनी मला वेड्यात काढलं. दुकानदार वीज वाचवायला शटर ओढल्यावर फ्रीज बंद करतात, हे फौजेतल्या माणसाला सांगायला नको म्हणे. मग त्यांना मेहुण्यांची विहीर आठवली. आत्यांचं माहेर शिराळ्याच्या अलीकडे आहे. तिथल्या विहिरीत त्यांच्या नव्या नवलाईच्या दिवसांत कलिंगडं सोडायचे आणि ती दात शिवशिवतील इतकी गार निघायची. सातारा ते शिराळा एवढ्या उन्हात नेली तर बाटली वाटेतच तापेल, हे मी समजावून सांगितलं. पण तोवर आत्यांनी पिशवी भरलीसुद्धा होती. माहेरी जाऊया म्हणून त्या पाडव्यापासून मागे लागल्या होत्या. आंबट चहाच्या निमित्ताने का होईना, गाडी सुटत होती. मला दोन दिवस सुट्टी होती, मीही निघाले.

मामांनी बाटलीला ओलं फडकं गुंडाळलं, ती एका मातीच्या मडक्यात पाणी घालून उभी केली, आणि पाणी सांडू नये म्हणून मडक्याच्या तोंडाला पांढरं शुभ्र धोतराचं फडकं बांधलं. ते मडकं मांडीवर घेऊन ते कराडच्या एसटीत बसले. शेजारी आत्या, उन्हाने डोळे बारीक केलेल्या. मागे मी. गाडी गच्च भरली होती, पण आमच्याभोवती हळूहळू शांतता पसरली. एका तरुणाने मोबाइलवरचं गाणं बंद केलं. एका बाईने पदर सावरला आणि मडक्याला हात जोडले. पलीकडच्या बाकावरचे टोपीवाले आजोबा वाकून हलक्या आवाजात मामांना म्हणाले, "कराडच्या संगमावर निगालाय?"

"न्हाई, त्येच्या फुडं," मामा म्हणाले.

"जवळचं कोण?"

"नात," मामा म्हणाले, आणि मडकं जरा उराशी ओढलं.

"आरारा. काय वय व्हतं पोरीचं?"

इतका वेळ पेंगत असलेल्या आत्या खाडकन जाग्या झाल्या. "व्हतं काय म्हणताय आवं? जित्ती हाय ती. जर्मनीत हाय. मडक्यात च्या हाय तिचा."

गाडीत कुणाला हसावं की नाही कळेना. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला आणि म्हणाला, बघू द्या. मामांनी फडकं सोडलं, आतलं ओलं फडकंही काढलं, आणि आतून रमची बाटली वर आली. कंडक्टर तिच्याकडे बघत राहिला. "आजोबा," तो म्हणाला, "मी वीस वर्सं गाडीवर हाय. पर एवढ्या सोवळ्यात हिला नेताना कुणाला बघितलं न्हाई." मग मात्र सगळी गाडी हसली, टोपीवाले आजोबा सगळ्यांत मोठ्याने. आत्या तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून मिठाची पुडी काढली, मडक्यावरून मीठ उतरवलं आणि खिडकीबाहेर टाकलं. नंतर कराड येईपर्यंत त्यांचा एक हात त्या मडक्यावर होता.

संध्याकाळी पोचलो. आत्यांच्या भावाची विहीर दगडी बांधणीची, उसाच्या कडेला, वर जांभळीचं झाड. मामांनी बाटली शिंक्यात घालून दोर हळूहळू सोडला आणि पाण्यात गेल्याचा आवाज ऐकू आल्यावरच मान वर केली. मेहुणे काठावर उभे होते, ते मामांना म्हणाले, "दाजी, साताऱ्यातनं बाटली आणून हिरीत सोडताय. आमच्या गावात पिणारं कमी पडलं व्हय?"

"पाव्हणं, राखण करा. पिऊ नगा."

"म्या पितो ती येगळी."

आम्ही तिथेच काठावर बसलो असताना भाचीचा व्हिडिओ कॉल आला. नेटवर्क त्या जांभळीखालीच लागत होतं. ती आनंदाने फुलली होती. तिकडेच काम मिळालं होतं, चांगलं काम, शिकता शिकता करायचं. फक्त सुट्टी मिळणार नव्हती. ह्या दिवाळीला नाही, बहुतेक पुढच्याही नाही. "आजोबा, रागावला नाही ना?" मामा म्हणाले, "ऱ्हायलीस म्हंजी चांगलं केलंस. काम सोडू ने." मग त्यांनी तिला शिंक्याचा दोर दाखवला आणि खाली तिची बाटली आहे म्हणून सांगितलं. ती खळखळून हसली. "अजून ठेवलीय? अहो पिऊन टाका ना आजोबा. मला वाटलं, कधीच संपली असेल."

"बरं," मामा म्हणाले.

फोन ठेवल्यावर ते काठाशी सरकले. विहिरीत वाकून बघत राहिले. पाणी काळंभोर झालं होतं आणि दोर सरळ त्या काळोखात उतरत होता. मला वाटलं, आता हा माणूस ती बाटली आणखी दोन वर्षं ठेवणार. मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, आणि आत्यांनी माझा हात दाबला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी भाकरी-पिठलं खाऊन आम्ही जांभळीखाली बसलो होतो. मामा आपणहून उठले, दोर ओढला, बाटली वर काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि मेहुण्यांना म्हणाले, "पेलं आणा. काचंचं आणा." मग कुणाला काही कळायच्या आत त्यांनी झाकण पिळलं. फुस्स असा लांब, दमलेला आवाज आला. थोडासा फेस मानेपर्यंत चढला आणि बसला. त्यांनी चौघांना सारखं वाटलं, अगदी डोळ्यांसमोर पेले धरून, राशन वाटावं तसं.

खरं सांगते, तो आता कोंबुचा राहिला नव्हता. जिभेला झिणझिण्या आल्या, जबडा आवळला. विहिरीचा गारवा होता, बुडबुडे होते, पण चहाची गोडी पार गेली होती. मेहुण्यांनी एक घोट घेऊन उसाकडे तोंड फिरवलं. मामांनी डोळे मिटून सगळा पेला संपवला. मग तो खाली ठेवला.

"आंबाट झालं," ते म्हणाले. "टिकलं न्हाई."

आत्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ती वस्तू तोंडाला लावली होती. त्यांचा चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला होता, पण पेला त्यांनी सोडला नाही. "टिकलं न्हाई कसं? आंबाट हुनं म्हंजी नासनं न्हवं," त्या म्हणाल्या. "नासलं आसतं तर बुरशी धरली आसती, वास मारला आसता. ह्ये आंबलंय. आंबल्यालं जित्तं आसतंय." आणि त्यांनी राहिलेला घोट घेतला. बाटलीच्या तळाशी उरलं होतं ते त्यांनी काकडीच्या कोशिंबिरीसाठी वाटीत काढून पदराखाली झाकून ठेवलं.

मामा जांभळीच्या बुंध्याला टेकले. पानांतून ऊन गळत होतं, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर हलत होतं. विहिरीतून गार हवा वर येत होती. आम्हाला सगळ्यांनाच सुस्ती आली होती. डोळे अर्धवट मिटूनच ते म्हणाले, "तिकडं आत्ता किती वाजलं आसतील गं, पोरी?"

एवढा हिशेब मला येतो. "पहाट असेल, मामा. साडेपाच-सहा."

"म्हंजी झोपल्याली आसंल."

"हो. आज रविवार. उशिरापर्यंत झोपेल."

मामांनी मान डोलावली. मेहुणे मोटार चालू करायला उठले होते, उसाला पाणी सोडायचं होतं. मामांनी बसल्या जागेवरून हात वर करून त्यांना थांबवलं आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जरा येळ."

मेहुणे काहीतरी थट्टेचं बोलणार होते. पण बहिणीकडे बघून ते पुन्हा खाली बसले. त्यानंतर आम्ही पावसापाण्याचं, लग्नाकार्याचं बरंच काही बोललो, पण सगळे हलक्या आवाजात. त्या दिवशी मेहुण्यांचा ऊस तासभर उशिरा पाणी प्याला.